मला बस लागत नव्हती
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘अमेरिकेतील माझी वाटचाल’. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा ते नोकरीच्या अर्जासारखं झालं. म्हणून विषय बदलतेय. संयोजकांनी रागावू नये. मी आज एका सहलीची गोष्ट सांगणार आहे.

पण त्याआधी एक कबुली. नववीत आपली सहल गेली होती. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, मुरुड-जंजिरा. वर्गणी दीडशे रुपये. मी आले नव्हते. का नाही येत म्हणून तुम्ही विचारलंत, तेव्हा मी सांगितलं, "मला बस लागते." मग दहावी संपेपर्यंत तुमच्यातले काही जण मला बघितलं की लिंबू हुंगल्याची नक्कल करायचे. ते कोण, हे मला आठवतंय. आज ते तिसऱ्या रांगेत बसलेत.

तर मित्रांनो, मला बस लागत नव्हती. आजही लागत नाही. पसरणीचा घाट मी एस.टी.च्या खिडकीत बसून भुईमुगाच्या शेंगा खात चढलेली मुलगी आहे. त्या महिन्यात घरात दीडशे रुपये नव्हते. ते सांगण्यापेक्षा मळमळीचं सोंग सोपं होतं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कराडला इंजिनिअरिंगला गेल्यावर.

हे सोंग माझ्या अंगात किती मुरलं होतं, ते मला तब्बल अठ्ठावीस वर्षांनी, एका ओल्या तंबूत कळलं. तीच ही गोष्ट.

एप्रिल २०२३ मध्ये मी आपल्या ग्रुपवर दोन फोटो टाकले होते. एकात समुद्र, काळे सुळके, ढगांतून उतरणारं थोडंसं ऊन. दुसऱ्यात झाडीतला आमचा तंबू. खाली लिहिलं होतं, ‘आमचा महाल’. त्यावर तुमचे अंगठे आले, हृदयं आली, "मजा आहे बुवा एका मुलीची" असंही आलं. आता त्या फोटोंच्या मागचं सांगते.

त्या वर्षी जानेवारीत माझी नोकरी गेली. अकरा वर्षं ज्या कंपनीत होते तिथून एका सकाळी ईमेल आला आणि दुपारपर्यंत माझं ओळखपत्र बंद झालं. माझ्यासारख्या हजारो जणांच्या नोकऱ्या त्या हिवाळ्यात गेल्या, त्यामुळे यात मोठी कहाणी काही नाही. ग्रीन कार्ड होतं, नवऱ्याची नोकरी होती, घरावर कर्ज होतं. पण मी हे कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, ग्रुपवर नाही. रोज सकाळी आवरून लॅपटॉपसमोर बसायचे आणि अर्ज पाठवायचे. एप्रिलपर्यंत ब्याण्णव अर्ज झाले होते. उत्तरं आली ती बहुतेक यंत्रानेच लिहिलेली. आम्ही सॉफ्टवेअरवाले ती यंत्रं बनवतो, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची?

एप्रिलमध्ये लेकीच्या शाळेला आठवड्याची सुट्टी असते. ती तेव्हा सातवीत होती. तिच्या मैत्रिणी हवाईला, मेक्सिकोला चाललेल्या. नवऱ्याला रजा मागायची भीती, कारण त्याच्याही ऑफिसात यादी येणार अशी कुजबुज होती. मग मी ठरवलं, आम्ही दोघी जायचं. बजेट दोनशे डॉलर, तीन दिवस, दोन रात्री. चौदा वर्षांची कोरोला, उधार आणलेला तंबू, पंधरा डॉलरची निळी ताडपत्री. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि तांदूळ.

जागा ठरवली ऑलिंपिक नॅशनल पार्क. आम्ही राहतो त्या सिॲटलच्या पश्चिमेला एक मोठा द्वीपकल्प आहे. मधोमध ऑलिंपिक पर्वत आणि पलीकडे थेट पॅसिफिक महासागर. १९३८ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि किनाऱ्याची लांब पट्टी त्यात १९५३ मध्ये जोडली गेली. तेव्हा एका गाडीचे तीस डॉलर भरले की सात दिवस कितीही फिरता यायचं. तंबूची जागा रात्रीला चोवीस डॉलर होती. तिथल्या लॉजमध्ये राहिलो असतो तर पहिल्याच रात्रीत आमचं सगळं बजेट संपलं असतं.

पावसाचं म्हणाल, तर सिॲटल म्हणजे पाऊस असं सगळे समजतात. तसं नाही. सिॲटलमध्ये वर्षभरात मुंबईच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. फक्त तो महिनोन् महिने भुरभुरतो. म्हणून मी बेफिकीर होते. वाईची मुलगी, महाबळेश्वरच्या पायथ्याची, मला पाऊस कोण शिकवणार?

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावरच्या क्लेलॉक नावाच्या ठिकाणी पोहोचलो. दुपारी रिपरिप सुरू झालेली होती ती आता संततधार झाली होती. हा पाऊस आपल्यासारखा ढोल वाजवत येत नाही. गार असतो, सात-आठ अंश, आणि आडवा. समुद्राचा आवाज झाडांतून सतत येत होता. अंधार पडायच्या आत तंबू लावायचा म्हणून मी सापडेल ती सपाट जागा धरली, तंबूखाली प्लास्टिकचा कागद अंथरला, वर ताडपत्री चारी कोपऱ्यांनी झाडांना बांधली, चांगली सपाट ताणून. इंजिनिअरिंगची पदवी आहे, चार गाठी मारायला कितीसा वेळ?

लाकडांची मोळी आठ डॉलरला घेतली होती, ती पेटली नाही. गॅसच्या छोट्या शेगडीवर भात केला, मेतकूट-भात खाल्ला आणि झोपलो. रात्री एकच्या सुमाराला मला जाग आली तेव्हा पाठीखालची पथारी ओली होती. हात लावला तर तंबूच्या तळाखाली पाणी डुचमळत होतं. वर ताडपत्रीच्या मधोमध पाण्याचं पोट सुटलेलं, त्याच्या वजनाने ती तंबूच्या छताला टेकलेली, आणि छतातून थेंब थेंब. मी बाहेर जाऊन काठीने ते पोट वर ढकललं. सगळं पाणी माझ्याच बाहीत आलं.

आत आले तर लेक उठून बसली होती. टॉर्चच्या उजेडात माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आई, आपण गरीब झालोय का?"

मी म्हटलं, "झोप आता. सकाळी बोलू."

ती झोपली नाही, मीही नाही. उरलेली रात्र आम्ही गाडीत काढली, सीट मागे पाडून, काचा वाफेने भरलेल्या. दोघीही डोळे मिटून पडलो होतो आणि दोघींनाही माहीत होतं की दुसरी जागी आहे.

शनिवारी सकाळीही पाऊस होताच. ओल्या पथाऱ्या, पांघरुणं, कपडे डिकीत कोंबले आणि उत्तरेला फोर्क्स नावाच्या गावाकडे निघालो, पंचावन्न किलोमीटर. तिथे सिक्के टाकून चालणारी कपडे धुण्या-वाळवण्याची यंत्रं आहेत, असं कॅम्पवरच्या एका आजोबांनी सांगितलं. वाटेत रूबी बीच लागतो. तिथल्या वाळूत लालसर खड्यांचा चुरा असतो, त्यावरून ते नाव. आम्ही गाडी थांबवली आणि नेमका पाच मिनिटं पाऊस थांबला. किनाऱ्यावर अख्खी झाडं येऊन पडलेली, सोलून पांढरी झालेली, हत्तीएवढ्या जाडीचे ओंडके. पलीकडे काळे सुळके आणि त्यांच्यामागे उजेडाची एक पट्टी. मी फोटो काढला. तोच तुम्ही पाहिलेला फोटो. पाच मिनिटांचं ऊन होतं ते. लेक गाडीतून उतरलीही नव्हती.

फोर्क्समध्ये ड्रायर सुरू केला, फोनला रेंज आली, आणि मी पहिलं काम काय केलं? ग्रुपवर फोटो टाकले. रात्रभर भिजलेली बाई, केसांतून पाणी गळतंय, आणि बोटं टाइप करतायत ‘आमचा महाल’. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजले होते. तुमचे अंगठे यायला लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच बरं वाटलं.

मग एक वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. आपल्याच वर्गातली, मागच्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण. तिने आज नाव घ्यायचं नाही अशी अट घातलीय, म्हणून घेत नाही. तिची शेती आहे, हळद असते. दहावीनंतर आमचं बोलणं म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, तेवढंच. तिचा मेसेज मी जपून ठेवलाय. त्याचा सारांश असा:

‘अगं, ताडपत्री अशी सपाट बांधतात का? मधे दोरी टाक, तिच्यावरून ताडपत्री घे, घराच्या आढ्यासारखी. दोन्हीकडे उतार दे. वाऱ्याकडची बाजू खाली बांध. तंबूखालचा कागद बाहेर डोकावतोय, तो आत दुमड, नाहीतर वरचं पाणी त्याच्यावर पडून तुमच्याच अंगाखाली जाणार. दोरीला प्रत्येक टोकाला सुतळीचा तुकडा लोंबता ठेव, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही.’

आणि शेवटी एक ओळ. ‘एवढ्या पावसात पैसेवाले तंबूत राहत नाहीत. बरी आहेस ना?’

सगळ्या ग्रुपने समुद्र बघितला होता. तिने ताडपत्री बघितली. कारण हळद शिजवून अंगणात वाळत घातलेली असते, तेव्हाच अवकाळी येतो, आणि रात्री-अपरात्री उठून ताडपत्री ओढणं हे तिचं दरवर्षीचं काम आहे. तिला त्या फोटोत पाण्याचं पोट दिसलं आणि मागोमाग मी दिसले.

मी त्या ड्रायरसमोर उभी राहून तिला सगळं लिहिलं. नोकरी, ईमेल, ब्याण्णव अर्ज. आईलाही न सांगितलेलं. तिने ‘काळजी करू नकोस, सगळं चांगलं होईल’ असं काही लिहिलं नाही. तिने लिहिलं, ‘दोन वर्षांपूर्वी आमची सगळी हळद एका रात्रीत भिजली. रंग गेला, भाव मिळाला नाही, सोसायटीचं कर्ज अंगावर राहिलं. तेव्हा मी ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं टाकत होते. आठवतंय का?’

मला आठवत होतं. मी त्या गुलाबांना अंगठे दिले होते.

तेवढ्यात लेकीने तिची बॅग ड्रायरसमोर उलटी केली, आणि त्यातून एक भिजून लगदा झालेला कागद पडला. ती तो उचलायला धावली. मी आधी उचलला. शाळेच्या सहलीचा फॉर्म होता. आठवीत गेल्यावर मुलांना वॉशिंग्टन डी.सी.ला नेतात, विमानाने, पाच दिवस. पालकांची सही आणि पैसे भरायची मुदत दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली.

"हे मला दाखवलं का नाहीस?"

"मला जायचंच नाहीये," ती म्हणाली. "मला विमानात मळमळतं."

मंडळी, तुम्ही आत्ता हसलात. मला तेव्हा हसू आलं नाही. दीड वर्षाची असल्यापासून ही मुलगी सोळा-सोळा तास विमानात बसून भारतात आलेली, आणि प्रत्येक वेळी तिने माझ्याही वाट्याची मिठाई खाल्लेली. मी काहीच बोलले नाही. तिथेच बाकावर बसले. मनात एकच आलं, हे मी हिला शिकवलं नव्हतं, तरी हिला आलं कुठून?

वाळलेल्या कपड्यांची ऊब अंगाला लागल्यावर माणूस थोडा शहाणा होतो. आम्ही गरम चॉकलेट आणि एक प्लेट बटाट्याचे फ्राइज घेतले, बारा डॉलर, आणि मग होह नावाच्या जंगलाकडे गेलो. पाऊस आहेच, तर जिथे तो सगळ्यात जास्त पडतो तिथेच जाऊ, असं लेकच म्हणाली.

होहच्या जंगलात वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणाएवढाच म्हणा. पण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो, तिथला मुख्यतः हिवाळ्यात येतो आणि रेंगाळतो. त्यामुळे सगळं हिरवं आहे, पण आपल्या श्रावणासारखं पोपटी नाही. खोडांवर शेवाळ, फांद्यांवर शेवाळ, फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं शेवाळ, त्यात नेचे. स्प्रूस आणि हेमलॉकची झाडं इतकी उंच की शेंडा बघायला मान मोडते. पावसाचे थेंब थेट अंगावर येतच नाहीत, आधी वर कुठेतरी अडकतात आणि मग सावकाश खाली येतात.

तिथे एक गोष्ट बघितली. मोठी झाडं एका रांगेत उभी, कुणी दोरी लावून लावल्यासारखी. पाटीवर कारण लिहिलं होतं. शेकडो वर्षांचं एखादं झाड पडतं. जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांची इतकी दाटी असते की तिथे बी रुजायला जागा नसते, मग ते त्या पडलेल्या खोडावर रुजतं. रोपांची मुळं ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतात. पुढे ओंडका कुजून संपतो आणि झाडं एका रेषेत उभी राहतात, मुळांखाली पोकळी ठेवून. लेक त्या पोकळीतून आरपार बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इथे आधी कुणीतरी होतं, ते यावरून कळतं." सबंध दिवसात आपणहून बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

संध्याकाळी परत क्लेलॉकला आलो. पाऊस चालूच. तंबू काढला आणि थोड्या उंचवट्यावर परत लावला. मैत्रिणीचा मेसेज मी कागदावर उतरवून आणला होता, कारण कॅम्पवर रेंज नव्हती. लेक एकेक सूचना मोठ्याने वाचत होती आणि मी करत होते. मधे दोरी. आढं. उतार. वाऱ्याकडची बाजू खाली. कागद आत दुमड. सुतळीऐवजी बुटाची नाडी बांधली. मग आत बसून आम्ही वाट बघितली. पाणी दोन्ही बाजूंनी पागोळ्यांसारखं पडत होतं आणि नाडीच्या टोकावरून ठिबकत होतं. आत एक थेंब नाही. रात्री दहापर्यंत लेकीने चार वेळा हात लावून खाली बघितलं. कोरडं.

तेव्हा मी तिला तिच्या आदल्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. फोनवर आमच्या खर्चाचा तक्ता होता, तो उघडून दाखवला. किती शिल्लक आहे, बाबांच्या पगारातून काय भागतं, कर्जाचा हप्ता किती, आणि माझा पगार नसताना हे किती महिने पुरेल. "गरीब नाही झालो," मी म्हटलं, "पण हात आखडता आहे, आणि आईला भीती वाटते." भीती वाटते हे मी तिला पहिल्यांदाच सांगितलं. आकड्यांकडे ती बराच वेळ बघत होती. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिचे खांदे सैल झाले. न सांगितलेलं तिच्या मनात या तक्त्यापेक्षा कितीतरी मोठं होऊन बसलं होतं.

मग मी तिला हरिहरेश्वरच्या सहलीची गोष्ट सांगितली. दीडशे रुपये, लिंबू, सगळं. ती खदखदून हसली आणि मग गप्प झाली. "मला विमानात काही होत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हटलं.

रविवारी आम्ही उत्तरेच्या रस्त्याने परत निघालो, पर्वताला वळसा घालून. फोर्क्सला पाऊस, पुढच्या लेक क्रेसेंटला पाऊस, आणि मग हळूहळू ढग विरळ होत गेले. स्क्विम नावाच्या गावात पोहोचलो तर लख्ख ऊन, रस्ते कोरडे, माती भुरकट. या गावात लव्हेंडरची शेती होते. तिथे वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस. होहच्या जंगलापासून सरळ रेषेत हे गाव सत्तर किलोमीटरसुद्धा नाही, आणि पाऊस त्याच्या आठव्या-नवव्या भागाएवढा. लेकीचा विश्वास बसेना. "असं कसं?"

आणि सर, त्या क्षणी मला तुमचा फळा दिसला.

तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते. आठवीत तुम्ही फळ्यावर सह्याद्री काढला होता आणि निळ्या खडूने समुद्राकडून येणारे वारे. वारे बाष्प घेऊन येतात, डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि सगळा पाऊस तिथेच टाकतात. पलीकडे उतरतात तेव्हा कोरडे. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि घाट उतरून तीस-पस्तीस किलोमीटरवर आपल्या वाईत त्याच्या सहाव्या भागाइतकाही नाही. तुम्ही विचारलंत, "मग वाईत पाऊस कमी का?" मी हात वर केला आणि म्हणाले, "आपलं नशीब, सर." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "नशीब नव्हे बाई, डोंगर."

मी गाडी बाजूला घेतली आणि त्या वाळलेल्या, चुरगळलेल्या फॉर्मच्या मागे तुमची आकृती काढून लेकीला दाखवली. सह्याद्रीच्या जागी ऑलिंपिक पर्वत, महाबळेश्वरच्या जागी होह, वाईच्या जागी स्क्विम. काढता काढता माझंच मला समजत गेलं. तीन महिने मी एकच गोष्ट उगाळत होते, माझं काय चुकलं? कुठल्या मीटिंगमध्ये मी काय बोलले? माझ्या शेजारच्या टेबलावरच्याची नोकरी राहिली आणि माझी गेली, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी. स्क्विमच्या मातीने काय चूक केली होती? काही नाही. ती डोंगराच्या त्या बाजूला होती, एवढंच. नशीबही नव्हे, लायकीही नव्हे. डोंगर. आणि हेही खरं की अकरा वर्षं भरभरून पाऊस पडला, तेव्हा तो सगळा माझ्या कर्तृत्वाचा असं मी समजत होते. तोही बराचसा डोंगरच होता.

लेकीने आकृती बघून विचारलं, "मग पाऊस नाही तर इथे शेती कशी?" तिला उत्तर शोधावं लागलं नाही, गावाजवळून नदी वाहते. डंजनेस तिचं नाव. पर्वतावर पडलेला बर्फ आणि पाऊस घेऊन ती खाली येते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोकांनी तिच्यातून पाट काढलेत. मी तिला म्हटलं, आमच्या गावातही तसंच आहे. महाबळेश्वरात पडतं ते कृष्णा आमच्याकडे आणते. धोमच्या धरणात साठतं, कालव्याने शेतात जातं. आमच्या अंगणात पडला नाही तरी तो पाऊस आमच्यापर्यंत येतो. फक्त नदी वाहती हवी.

सहलीचा एकूण खर्च झाला १८२ डॉलर. पेट्रोल ६०, प्रवेश ३०, दोन रात्री ४८, ताडपत्री १५, लाकडं ८, कपडे ९, खाणं १२. लाकडं सोडली तर सगळे पैसे सत्कारणी लागले.

पुढचं थोडक्यात. घरी आल्यावर मी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला फेब्रुवारीपासून वाटतच होतं, तू दुपारी फोन उचलायला लागलीस तेव्हाच." सप्टेंबरमध्ये मला नोकरी लागली, लहान कंपनी, पगार कमी, माणसं बरी. लेक पुढच्या वर्षी डी.सी.ला जाऊन आली, हप्त्यांनी पैसे भरून. त्यातले काही तिने शेजाऱ्यांची कुत्री फिरवून मिळवले. विमानात तिला काही झालं नाही.

आता समारोप. आपल्या ग्रुपवर एकशे बारा जण आहेत. रोज गुलाब येतात, सूर्योदय येतात, मुलांचे टक्के येतात, माझ्यासारख्यांचे समुद्र येतात. येऊ देत. आनंद वाटायलाच हवा. पण या सभागृहात असा कुणी नाही ज्याची हळद कधीतरी भिजली नाही. कुणाचा धंदा बसला असेल, कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणाचं पोरगं बोलत नसेल. ते ग्रुपवर सांगा असं मी म्हणत नाही. मलाही ते जमलं नव्हतं. मी एवढंच म्हणते, एखाद्याचा फोटो आला की क्षणभर थांबून ताडपत्रीकडे बघा. काही दिसलं तर त्याला एकट्याला विचारा, बरा आहेस ना? आणि जमलं तर गाठ कशी मारायची तेही सांगा.

सर, ती आकृती मी जपून ठेवली आहे, फॉर्मच्या मागे. आज सोबत आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही ती तपासून द्यावी अशी विनंती आहे. वाऱ्याचे बाण बरोबर आहेत की नाही, याची मला अजून खात्री नाही.

आणि संयोजकहो, उद्या मेणवलीला जायची बस निघणार आहे असं ऐकलं. माझं नाव लिहा. खिडकीची जागा द्या. मला बस लागत नाही.